ट्रेनिंगला जाण्याआधी टेप वाचायला शिका

माझा मावसभाऊ येत्या सोमवारपासून नाशिकच्या सातपूरला सळईकामाच्या ट्रेनिंगला जातोय. काल रात्री त्याने फोन केला, "दादा, काय काय तयारी करू?" सांगता सांगता पाऊण तास गेला आणि तरी निम्मं राहिलंच, म्हणून लिहून काढतोय. गवंडी, सेंट्रिंग, सळई, प्लंबिंग, फरशी, कशातही अप्रेंटिस म्हणून लागण्याआधी दोन-तीन महिन्यांच्या ट्रेनिंगला जाणाऱ्या सगळ्यांनाच हे लागू आहे. मी स्वतः पहिल्यांदा गेलो तेव्हा अकराव्या दिवशी सोडून घरी आलो होतो. ते अख्खं वर्ष द्राक्षबागेत गेलं. मग पुन्हा नाव घातलं.

कागद आधी उरकून टाका. आधार, दहावीचं मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, पासबुक, फोटो. हे सगळ्यांना माहीत असतं. दोनच गोष्टी नीट बघा. आधारला जोडलेला मोबाईल नंबर आज चालू आहे का? ओटीपी त्यावरच येणार. आणि बँकेत आधार नुसतं केवायसीला दिलंय की थेट सरकारी पैसे जमा होण्यासाठीही जोडलंय? दोन्ही वेगळं असतं. काउंटरवर जाऊन "डीबीटीसाठी आधार सीडिंग झालंय का" असंच विचारा. 2016 पासूनच्या राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजनेत स्टायपेंडचा 25 टक्के, जास्तीत जास्त महिना 1500 रुपये, वाटा सरकारचा असतो. तो आधार शेवटी ज्या खात्याला जोडलं तिथे जातो. शाळेत असताना काढलेलं आणि आता बंद पडलेलं खातं असेल तर पैसे शोधत फिराल. कायद्यात अप्रेंटिसचं किमान वय 14 असलं तरी धोक्याच्या कामाला 18 लागतं, आणि साइटवर 18 पूर्ण नसतील तर पाठवूच नये या मताचा मी आहे. कागदांचं एवढं पुरे.

आता टेप.

पाच मीटरचा, एका कडेला इंच आणि दुसऱ्या कडेला मिलिमीटर असलेला टेप आजच घ्या. ट्रेनिंग सुरू झाल्यावर नाही, आज. माझ्याकडे पहिल्या वेळी बूट होते, हेल्मेट होतं, वही होती, अंगात ताकदही होती. टेप नव्हता आणि टेप वाचताही येत नव्हता. मला वाटायचं बांधकाम म्हणजे ताकदीचं काम, मोजमाप इंजिनिअर बघेल.

नवव्या दिवशी सरांनी बीमच्या सळयांवर रिंगा, म्हणजे सळयांना धरून ठेवणारी चौकोनी कडी, बांधायला दिल्या. फळ्यावर लिहिलं, 5.5 इंच अंतर, 13 रिंगा. मी पाच इंच मोजले आणि पुढे पाच सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). पॉइंट पाच म्हणजे पाच सूत, असं मी धरून चाललो होतो. अर्धा इंच म्हणजे चार सूत. एका सुताची चूक, म्हणजे तीन मिलिमीटरच्या जरा वर, डोळ्याला दिसतही नाही. पण प्रत्येक खुणेपासून टेप पुढे सरकवत मी पुढची खूण केली, आणि बारा अंतरांत बारा सूत जमा झाले. दीड इंच. शेवटची रिंग खडूच्या रेघेच्या पार पलीकडे गेली. 13 रिंगा, प्रत्येकीला चार कोपरे, बाइंडिंग तारेच्या 52 गाठी. त्या मी पक्कडीने एकेक करून तोडल्या. बाकीची पोरं तोवर डबा खायला बसली होती. सर रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, "टेप घरून शिकून यायचा असतो रे." दुसऱ्या दिवशी ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये आलं, तेही वाचता येईना. त्याच्या दुसऱ्या दिवशी मी बॅग भरली.

म्हणून सांगतो, जायच्या आधी पंधरा दिवस रोज अर्धा तास टेप हातात धरा. घरातली दाराची चौकट, खाटेची लांबी, फरशी, वीट, गॅसचा ओटा, जे दिसेल ते मोजा. रोज वीस मापं. प्रत्येक माप वहीत दोनदा लिहा, एकदा इंच-सुतात, एकदा मिलिमीटरमध्ये. घरातल्या कुणाकडून तरी तपासून घ्या, स्वतःचं स्वतः तपासू नका. एक इंच म्हणजे आठ सूत. पाव इंच दोन, अर्धा चार, पाऊण सहा. कागदावर .25, .5, .75 दिसलं की हेच आठवायचं. टेपवर एका इंचात सोळा घरं असतील तर दोन घरांचा एक सूत होतो. एक इंच 25.4 मिलिमीटर. साइटवर "सहा इंच म्हणजे दीडशे" म्हणतात, पण सहा इंच खरं तर 152 भरतात. म्हणून एक काम एकाच मापात मोजायचं, अर्धं इंचात आणि अर्धं मिलिमीटरमध्ये करायचं नाही. ड्रॉइंगवर 230 दिसलं की नऊ इंची भिंत, 115 म्हणजे साडेचार इंची. हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं पाहिजे.

टेपच्या टोकाचा पत्र्याचा आकडा (हूक) थोडा हलतो. तो बिघडलेला नसतो. आकड्याच्या जाडीइतकाच तो हलतो, म्हणजे बाहेरून अडकवून ओढला काय किंवा आत भिंतीला टेकवून दाबला काय, माप बरोबर येतं. ठोकून घट्ट करू नका, माझ्या एका जोडीदाराने केला होता. आकडा वाकला असेल तर टेप 100 मिलिमीटरवर धरा आणि शेवटी 100 वजा करा. वजा करायचं विसरलात तर ट्रेनिंगमध्ये सळई जाईल, साइटवर विश्वास जाईल. आणि ओळीने खुणा करायच्या असतील तर टेप एका टोकाला धरून तसाच ठेवा, सगळ्या खुणा तिथूनच करा. 5.5, 11, 16.5, 22, असा पाढा आधी वहीत लिहून घ्या. टेप सरकवत गेलात की चूकही सोबत सरकत जाते.

एवढा टेप जमला की बाकीचं गणित सोपं आहे. कोपरा काटकोनात आहे का हे बघायला गुण्या (काटकोनी पट्टी) नसेल तर दोरीने तीन फूट, चार फूट, तिरकं पाच. सळईचं वजन काढायला मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले 162, उत्तर मीटरला किलोत, म्हणजे 12 मिलिमीटरची सळई मीटरला जेमतेम 890 ग्रॅम. ब्रास म्हणजे 100 घनफूट. सिमेंटची गोणी 50 किलो, साधारण सव्वा घनफूट. हे पाठ करा, पण टेपच्या आधी नाही.

बूट. बोटांवर पोलादी टोपी असलेले, जाड मोजे घालून बसतील असे घ्या आणि आठ दिवस आधीपासून घरात, गल्लीत घालून फिरा. नवे बूट पहिल्याच दिवशी घातले की टाच सोलते आणि मग पोरं चपलेवर येतात. सेंट्रिंगच्या फळ्यांना उलटे खिळे असतात. चपलेवर येऊ नका. ओलं सिमेंट कातडी भाजतं, आणि दुखायला लागतं ते उशिरा. रबरी हातमोजे घाला, बुटात माल (कालवलेलं सिमेंट) गेला तर तिथल्या तिथे काढून साध्या पाण्याने धुवा. गावाकडे उघड्या पायाने माल तुडवणारे बघितले असतील, त्यांचे तळपायही बघा.

अंग तयार ठेवा म्हणजे जोर काढा असं नाही. उकिडवं बसायची सवय करा, सळईचं आणि फरशीचं निम्मं काम उकिडवंच चालतं. गोणी एकट्याने उचलून दाखवायच्या फंदात पडू नका. मे महिन्यात सळई हाताला चटका देते आणि डिसेंबरात नाशिकची सकाळ बोटं वळू देत नाही, हातमोजे दोन्हीला लागतात. उंचीची भीती वाटत असेल तर पहिल्याच दिवशी सरांना सांगा, लपवू नका. परांचीवर चढलात की आधी पट्ट्याचा हूक अडकवायचा, मग हात कामाला लावायचे.

आता बसचं. दिंडोरी, पेठ, त्र्यंबककडून येणाऱ्यांनी कामाच्या दिवशी, त्याच वेळेला एकदा जाऊन यावं. रविवारी एसटी आणि सिटीलिंकच्या शहर बस रिकाम्या असतात, त्यावरून वेळ धरू नका.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगायची आहे. 2027 च्या सिंहस्थामुळे आता शहरात घाट, रस्ते, पूल, सगळीकडे कामं निघाली आहेत. कुणीतरी मुकादम भेटेल आणि म्हणेल, ट्रेनिंग कशाला, उद्यापासून ये, रोज देतो. घरी पैशांची गरज असते, मला माहीत आहे. तरी मध्ये सोडू नका. मी मध्येच सोडलं आणि वर्षभर द्राक्षबागेत मजूरच राहिलो होतो. बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी नंतर करा, 18 ते 60 वय आणि मागच्या 12 महिन्यांत 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो, तेव्हा पहिल्या दिवसापासून हजेरी लिहून ठेवा.

शेवटच्या आठवड्यात डॉक्टरकडे एकदा जाऊन या, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. आदल्या रात्री डबा, पाण्याची दोन लिटरची बाटली, वही, पेन्सिल, झेरॉक्सचे दोन संच. पहिल्या दिवशी वेळेआधी अर्धा तास पोहोचा, समजलं नाही तर विचारा.

टेप पिशवीत ठेवू नका, पिशवी कोपऱ्यात पडून राहते. कमरेला अडकवा. निघताना दाराची चौकट एकदा मोजा आणि मोठ्याने सांगा, किती इंच, किती सूत, किती मिलिमीटर.