माटुंगा पूर्व: खाण्याफिरण्याचा दिवस कसा आखावा

मुंबईत माटुंग्याला खास खाण्यासाठी जायचे ठरले, की बहुतेक जण आधी उपाहारगृहांची यादी करतात. माझ्या मते त्याआधी घड्याळ पाहावे. इथली जुनी उपाहारगृहे पहाटेच जागी होतात, खानावळीतली पंगत ठरावीक वेळेतच बसते आणि रविवारी सकाळी नऊनंतर दारात उभे राहायलाही जागा नसते. जो पदार्थ मंगळवारी सकाळी साडेसातला निवांत बसून खाता येतो, त्याच्यासाठी रविवारी अकरा वाजता तासभर ताटकळावे लागते. शक्य असेल तर सुट्टीचा दिवस टाळावा. सोमवारही टाळावा, कारण कॅफे मद्रास हे इथले नावाजलेले उपाहारगृह त्या दिवशी बंद असते.

ही वस्ती कशी उभी राहिली हे थोडक्यात ठाऊक असावे, म्हणजे इथले रस्ते आणि इथले खाणे या दोन्हींची संगती लागते. 1896च्या प्लेगनंतर 1898 मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दाटीवाटीच्या शहराला मोकळी जागा मिळावी म्हणून दादर-माटुंग्याची योजना आखली गेली. रुंद रस्ते, दुतर्फा झाडे, मधूनमधून बागा आणि बेताच्या उंचीच्या इमारती ही त्या योजनेची देणगी आहे. नव्या वसाहतीत नोकरीनिमित्त आलेली दक्षिण भारतीय कुटुंबे मोठ्या संख्येने राहू लागली, एकटे राहणारे कारकूनही आले आणि त्यांच्या जेवणाची सोय करणाऱ्या उडुपी खानावळी इथे रुजल्या. त्यामुळे इथले जुने खाणे हे रोज जेवणाऱ्या माणसाला परवडेल आणि पचेल अशा बेताचे आहे. चवीत तिखटमिठाचा भडिमार नसतो, आणि सांबार पहिल्या घासाला सौम्य वाटले तरी लगेच नाक मुरडू नये.

मध्य रेल्वेने येणाऱ्यांनी धीमी गाडी धरावी, कारण माटुंग्याला जलद गाड्या थांबत नाहीत. पश्चिम रेल्वेवरून येणाऱ्यांनी माटुंगा रोडला उतरून, ज्याला सगळे झेड ब्रिज म्हणतात त्या पादचारी पुलावरून पूर्वेला यावे. स्थानकापासून किंग्ज सर्कलपर्यंतचा सगळा पसारा पायी फिरण्याजोगा आहे, त्यामुळे वाहन आणण्याच्या फंदात पडू नये.

न्याहारीची सुरुवात स्थानकाजवळच्या राम आश्रयमध्ये करावी. 1939 पासूनचे हे उपाहारगृह भल्या पहाटे उघडते आणि फिरायला निघालेले ज्येष्ठ नागरिक, पहिल्या पाळीला जाणारे नोकरदार व महाविद्यालयीन मुले तिथे एकाच टेबलावर बसलेली दिसतात. अनोळखी माणसासमोर बसावे लागले तर संकोच करू नये, इथली ती रीतच आहे. उपमा, इडली आणि अननसाचा शिरा एवढे दोघांत मागवले तरी पुरते. पहिल्याच ठिकाणी पोटभर खाल्ले, तर पुढच्या दिवसाची मजा जाते. माटुंग्यात थोडेथोडे, टप्प्याटप्प्याने खावे आणि मध्ये चालावे.

कॉफीला मात्र स्वतंत्र वेळ द्यावा. ती पेला आणि खोलगट वाटी अशा जोडीत येते. पेला कडेने, दोन बोटांत धरावा, कारण बाकीचा भाग चटका देतो. कॉफी वाटीत ओतावी, पुन्हा उंचावरून पेल्यात घ्यावी आणि असे दोन-तीनदा करावे. त्याने तळाची साखर विरघळते, वर फेस येतो आणि कॉफी तोंडाला लावण्याइतकी निवते. साखर कमी हवी असल्यास मागवतानाच सांगावे.

ही चव घरी न्यायची असेल, तर न्याहारीनंतर लगेच कॉफीपूडच्या दुकानात जावे. माटुंग्यात समोर बिया दळून देणारी जुनी दुकाने आहेत आणि त्यांतले मैसूर कन्सर्न्स हे नाव इथल्या घराघरांत ठाऊक आहे. दुकानदार दोन गोष्टी विचारतो: बी कोणते आणि चिकोरी, म्हणजे कॉफीत मिसळायची भाजलेल्या मुळाची पूड, किती. पहिल्यांदा घेणाऱ्याने प्लँटेशन आणि पीबेरी या दोन प्रकारच्या बियांचे मिश्रण घ्यावे, चिकोरी शेकडा वीसच्या आसपास ठेवावी आणि पूड फिल्टरसाठी हवी आहे हे आवर्जून सांगावे, कारण दळण त्याप्रमाणे ठरते. चिकोरीने रंग व दाटपणा येतो, पण ती वाढली की कॉफीची मूळ चव मागे पडते. घरी फिल्टरच्या वरच्या भांड्यात पूड हलकेच दाबून बसवावी, उकळीला आलेले पाणी सावकाश ओतावे आणि अर्क खाली उतरेपर्यंत पंधरा-वीस मिनिटे भांड्याला हात लावू नये. पूड महिनाभराची न घेता आठवड्याची घ्यावी. बंद डब्यातही तिचा वास फार दिवस टिकत नाही.

सकाळचा बाजार हा माझ्या दृष्टीने माटुंग्यातला सर्वांत आनंदाचा भाग आहे. कोचू गुरुवायूर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आस्तिक समाजाच्या मंदिराच्या परिसरात आणि बाजाराच्या रस्त्यावर फुलवाले मोगरा, अबोली, तुळस आणि दवणा ओवत बसलेले असतात. दोऱ्याला गाठ मारताना त्यांच्या बोटांचा वेग पाहण्यासारखा असतो. भाजीच्या गाड्यांवर सांबाराचे छोटे कांदे, कोहळा, सुरण, कच्ची केळी, केळफूल आणि केळीची पाने एकाच ठिकाणी मिळतात. नेंद्रन केळ्यांचे वेफर घ्यायचे असतील, तर तळणी चालू असलेल्या दुकानातून गरम घ्यावेत आणि ते खोबरेल तेलात तळलेले आहेत ना, हे विचारून घ्यावे.

दुपारी दोन मार्ग फुटतात आणि त्यांपैकी एकच निवडावा. भूक चांगली असेल, तर स्थानकाजवळच्या बाजार इमारतीत पहिल्या मजल्यावर असलेल्या रामा नायक यांच्या उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंगमध्ये जावे. 1942 साली सुरू झालेली ही खानावळ आजही खानावळच राहिली आहे. आधी कुपन घ्यायचे, मग आपली पाळी येईपर्यंत थांबायचे. ताट मर्यादित हवे की पोटभर, हे कुपन घेतानाच ठरवावे लागते, आणि केळीच्या पानावरच्या जेवणासाठी थोडे जास्त पैसे मोजावे लागले तरी ते जरूर मोजावेत, कारण गरम भातावर रसम पडले की पानाचा मंद वास त्यात उतरतो आणि तो स्टीलच्या ताटात कधीच येत नाही. वाढपी झपाट्याने फिरतात, तेव्हा नको असलेला पदार्थ पानात पडण्याआधीच हात आडवा धरावा, पानात टाकणे इथे कोणालाच आवडत नाही. भाताचे तीन भाग मनात ठरवून घ्यावेत: पहिला सांबाराबरोबर, दुसरा रसमबरोबर, तिसरा दह्याबरोबर. स्वयंपाकघर पाहण्याची इच्छा असेल, तर इथे ते ग्राहकांना खुले आहे. ज्या घरात मुलांना खाद्यव्यवसायाची ओढ आहे, त्यांनी तर हे अवश्य पाहावे. पंगतीची वेळ दुपारी अडीचच्या सुमारास संपते, त्यामुळे साडेबारापूर्वी पोहोचलेले बरे.

हलके खायचे असेल, तर किंग्ज सर्कलकडे जावे. 1940 च्या कॅफे मद्रासमध्ये दारावर नाव नोंदवून थांबावे लागते, पण पाळी आली की पदार्थ पटकन येतात. तिथे मसाला डोसा मागवण्यात मला विशेष हशील वाटत नाही, तो मुंबईत सगळीकडे मिळतो. त्याऐवजी रसम वडा, पोडी (डाळ-मिरचीची कोरडी चटणी) लावलेली इडली, नाचणीचा डोसा किंवा नीर डोसा घ्यावा. भिजवलेल्या तांदळाच्या पातळ पिठाचा हा पांढरा, मऊ डोसा निवला की चिवट होतो, म्हणून तो ताटात येताच खावा. रांग फारच लांब असेल, तर जवळच कॅफे मैसूर आहे आणि निरनिराळ्या इडल्यांसाठी इडली हाऊस आहे. तिथे जाण्यात काहीही कमीपणा नाही.

जेवणानंतरचा वेळ पाच बागांमध्ये घालवावा. दादर पारशी कॉलनीच्या या भागाचे अधिकृत नाव मंचेरजी जोशी पंच उद्यान आहे. ज्यांनी या योजनेत पारशी कुटुंबांसाठी भूखंड मिळवून दिले, त्या मंचेरजी जोशींचे ते स्मरण आहे. भर उन्हातही इथल्या रस्त्यांवर सावली असते. लहान मुले बरोबर असतील, तर उड्डाणपुलाखालच्या नानालाल मेहता उद्यानात न्यावे. तिथली चालण्याची वाट नर्मदेच्या प्रवाहाच्या वळणांप्रमाणे आखलेली आहे, आणि पुलाखालची पडीक जागा किती चांगली वापरता येते, याचा तो नमुना आहे.

संध्याकाळी चहा हवा असेल, तर किंग्ज सर्कलच्या कोपऱ्यावरच्या कूलर अँड कंपनी या जुन्या इराण्याकडे ब्रून मस्का, म्हणजे लोणी लावलेला कडक पाव, आणि चहा घ्यावा. तिथून षण्मुखानंद सभागृह चालत गाठता येते. 1963 साली उभे राहिलेले हे सभागृह 1990 मध्ये आगीत जळाले आणि 1998 मध्ये पुन्हा सुरू झाले. पावणेतीन हजारांहून अधिक आसने असल्यामुळे मोठ्या मैफलीलाही वरच्या मजल्यावरचे स्वस्त तिकीट अनेकदा मिळून जाते. दाक्षिणात्य संगीताची सवय नसलेल्यांनीही एखादी मैफल ऐकावी. मराठी नाटक पाहायचे असेल, तर माटुंगा पश्चिमेला यशवंत नाट्य मंदिर आहे. मात्र तेव्हा संध्याकाळचा चहा स्थानकाच्या बाजूलाच घ्यावा, म्हणजे उलटे चालावे लागत नाही.

गणेशोत्सवाच्या पहिल्या पाच दिवसांत किंग्ज सर्कलला गौड सारस्वत ब्राह्मण सेवा मंडळाच्या गणपतीसाठी प्रचंड गर्दी लोटते, तेव्हा खाण्याचा बेत आखायचा असल्यास स्थानकाजवळच थांबावे. षण्मुखानंदहून रात्री परतताना किंग्ज सर्कल हे हार्बर मार्गावरचे स्थानक सर्वांत जवळ पडते. तिथून वांद्रे-अंधेरीकडे आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसकडे थेट गाड्या आहेत. वाशी-पनवेलकडे जाणाऱ्यांनी वडाळा रोडला गाडी बदलावी, आणि रात्री दोन गाड्यांमधले अंतर वाढते म्हणून वेळापत्रक मैफलीला बसण्यापूर्वीच पाहून ठेवावे.