फरक कारखान्यातला की कपाटातला? जुने जी. आय. जो ओळखताना या चुका टाळा

जी. आय. जो म्हणजे अमेरिकन खेळणी कंपनी हॅसब्रोचे छोटे प्लास्टिकचे सैनिक, संग्राहकांच्या भाषेत 'फिगर्स'. त्यातला 1984 चा स्टॉर्म शॅडो हा पात्र पांढरा असतो. पण आज तो सायीच्या रंगापासून थेट हळदीपर्यंत सगळ्या छटांमध्ये विकायला येतो, आणि त्यातलाच एखादा 'क्रीम व्हेरिएशन, अतिशय दुर्मीळ' अशी चिठ्ठी लावून दुप्पट भावाने खपतो. घेणारा बहुतेक वेळा नवखा असतो. त्याने पैसे मोजले ते कारखान्यातल्या फरकासाठी. हातात आली ती कुणाच्या तरी खिडकीतल्या उन्हाने पिवळी पडलेली फिगर.

जुन्या फिगर्समध्ये खरे फरक भरपूर आहेत आणि ते शोधण्यात विलक्षण आनंद आहे. पण प्रत्येक खऱ्या फरकामागे कारखान्यातलं एखादं कारण असतं: साचा दुरुस्त केला, प्लास्टिकच्या दाण्यांची बॅच बदलली, खर्च वाचवायला रंगाचा एक हात कमी केला, साचे दुसऱ्या देशात गेले. असं कारण सांगता येत नसेल, तर तोपर्यंत त्या फिगरला फक्त 'वेगळी दिसणारी' म्हणावं.

ऊन आणि रंग

रंगाचा निर्णय बाहेरून घेऊ नका. हॅसब्रोच्या या पावणेचार इंची फिगर्सची रचना संग्राहकाच्या सोयीची आहे. पाठीत एकच स्क्रू असतो. तो काढला की धडाचे पुढचा आणि मागचा असे दोन भाग सुटतात. आतली बाजू, हाताचा खांद्यात बसणारा गोळा आणि कमरेचा झाकलेला भाग उजेडात पाहा. तिथे पांढरा आणि बाहेर पिवळा, तर काम उन्हाचं. आतबाहेर एकच छटा असेल तर मात्र पुढे चौकशी करण्यात अर्थ आहे.

पिवळेपणा काढायला काही जण फिगर पेरॉक्साइडमध्ये बुडवून उन्हात ठेवतात. अशा फिगरच्या रंगावरून नंतर कुणालाच काही ठरवता येत नाही. त्यामुळे ज्या फिगरच्या रंगाबद्दल शंका आहे, तिच्यावर हा प्रयोग करू नका.

शिक्क्यावरचं साल

कमरेपाशी मागच्या बाजूला कॉपीराइटचं साल कोरलेलं असतं. 1982 दिसलं की लोक '1982 ची पहिली आवृत्ती' म्हणून मोकळे होतात. ते साल साच्याचं आहे, त्या फिगरच्या जन्माचं नाही.

1982 च्या पहिल्या तुकडीचे हात खांद्यात आणि कोपरात हलत, पण दंडात फिरत नसत. संग्राहक त्यांना 'स्ट्रेट आर्म' म्हणतात. 1983 मध्ये हॅसब्रोने दंडात फिरणारा सांधा आणला, म्हणजे 'स्विव्हल आर्म', आणि आधीचीच पात्रं नव्या हातांनी पुन्हा काढली. त्यामुळे शिक्का 1982 चा आणि हात नवे, अशी फिगर अगदी अस्सल असू शकते. ती फक्त पहिल्या तुकडीतली नसते. डोक्याचंही तसंच. 1985 पासून डोकं गोळ्याच्या सांध्यावर बसून वर-खालीही होऊ लागलं; त्याआधी ते फक्त डावी-उजवीकडे वळे. हे दोन सांधे तपासले की शिक्का न वाचताही काळाचा बराच अंदाज येतो.

सर्वांत महाग चूक: जोडकाम

जो स्क्रू आपल्याला आतला रंग दाखवतो, तोच फसवणुकीचीही वाट उघडून देतो. पाय एका धातूच्या हुकावर आणि रबरी ओ-रिंगवर लटकलेले, हात धडाच्या दोन भागांत नुसते अडकवलेले, डोकंही तसंच. शाळकरी मुलगासुद्धा पाच मिनिटांत दोन फिगर्सची एक करू शकतो, आणि आम्ही लहानपणी ते करतही होतो. त्यात भर म्हणजे 1982 मध्ये हॅसब्रोने खर्च वाचवायला एकच डोकं, एकच धड अनेक पात्रांना वापरलं. म्हणून चुकीचा भागसुद्धा तंतोतंत बसतो.

एकदा मी वेगळ्या हिरव्या हातांचा एक सैनिक मोठ्या विश्वासाने घेतला. पाठवणाऱ्याने तो 'फॅक्टरी एरर' म्हणून दिला होता. घरी उघडला तेव्हा हाताच्या गोळ्यावरची झीज धडातल्या खाचेशी जुळत नव्हती आणि स्क्रूच्या खाचा पार झिजलेल्या होत्या. ते हात दुसऱ्याच फिगरचे निघाले. तेव्हापासून विकत घेण्याआधी मी स्क्रूच्या डोक्याचा जवळून काढलेला फोटो मागतो. स्क्रूवर ओरखडे म्हणजे लबाडीच असं नाही, कारण तुटलेली ओ-रिंग बदलायला फिगर उघडावीच लागते. पण ओरखडलेला स्क्रू आणि 'कारखान्यातच चुकीचे हात लागले' हा दावा एकत्र आले, तर मी तो सौदा सोडून देतो.

खरा फरक ओळखायला माहितीची जोड लागते. 1983 मध्ये फाल्कन ग्लायडरबरोबर आलेला ग्रंट हा सैनिक फिकट खाकी आहे, 1984 च्या व्हॅम्प मार्क टू गाडीबरोबरचा क्लच हा सैनिकही तसाच. जंप या जेटपॅकच्या सेटबरोबर आलेल्या ग्रँड स्लॅम या सैनिकाची चिलखती पट्टी चंदेरी आहे. हे रंग कुठून आले ते सांगता येतं, कारण कोणत्या खोक्यात काय होतं हे ठाऊक आहे. सुरुवातीच्या कोब्रा कमांडर या खलनायकाच्या छातीवरचं चिन्ह इतकं सोपं करून छापलेलं आहे की ते मिकी माऊससारखं दिसतं, आणि संग्राहक त्याला त्याच नावाने ओळखतात. तो सरळ हातांच्या काळातला आहे. तसं धड फिरणाऱ्या हातांसह दिसलं, तर आधी जोडकामाची शक्यता तपासा. आणि 1982 चा स्नेक आइज? खर्च वाचावा म्हणून तो नुसत्या काळ्या प्लास्टिकमध्ये ओतला गेला, त्यावर रंगाचा हातच नाही. त्याच्या अंगावर रंग दिसला तर तो नंतर कुणीतरी दिलेला.

परदेशी साचा म्हणजे नकली नव्हे

हॅसब्रोचे साचे फिरत राहिले. ब्रिटनमध्ये पॅलिटॉय कंपनीने डेस्ट्रो या पात्राच्याच साच्यातून वेगळ्या रंगातला 'रेड जॅकल' काढला. ब्राझीलमध्ये एस्ट्रेला कंपनीने 'कोमांदोस एम आसांव' या नावाने फिगर्स विकल्या. आणि आपल्याकडे फनस्कूल. एमआरएफ आणि हॅसब्रोने 1987 मध्ये उभी केलेली ही कंपनी, गोव्यात कारखाना असलेली. आपल्यापैकी अनेकांच्या बालपणीचे जी. आय. जो तिचेच होते.

अमेरिकन फोटोशी रंग जुळत नाही म्हणून फनस्कूलची फिगर 'डुप्लिकेट' समजून देऊन टाकणं ही इथली मोठी चूक. मला याचं फार वाईट वाटतं, कारण परदेशातले संग्राहक हीच फिगर आवर्जून शोधतात. उलट चूकही होते: फनस्कूलमध्ये बॅचगणिक छटा बदलत, त्यामुळे जरा गडद निळी पँट दिसली की ती 'एकमेव' ठरत नाही. न उघडलेलं कार्ड (फिगर चिकटवलेला पुठ्ठा) हाती आलं तर दोन्ही बाजूंचा फोटो काढा, आणि छापील किंमत किंवा पॅकिंगचा महिना दिसत असेल तर तो टिपून ठेवा. सुट्या फिगरला असा पुरावा पुन्हा मिळत नाही.

शस्त्रं

बंदुका आणि पाठपिशव्या हरवतात, म्हणून त्यांच्याच नकला सर्वांत जास्त. अस्सल भागावरून साचा काढून ओतलेली नक्कल मुळापेक्षा किंचित लहान भरते आणि बारीक रेघा बोथट होतात. अस्सल नगाशेजारी ठेवूनच तुलना करा. फोटोवरून हे कळत नाही. साच्याच्या दोन भागांमुळे उमटणारी जोडरेघ घासून गुळगुळीत केलेली असेल, तर तेही संशयास्पद.

तपासताना मोडू नका

आपल्या दमट हवेत स्क्रू गंजतो. जोर लावण्याआधी तेलाचा एक थेंब सोडून रात्रभर ठेवा, आणि खाचेत घट्ट बसणाराच लहान स्क्रूड्रायव्हर घ्या. परत बसवताना स्क्रू टेकला की थांबा. आणखी अर्धा फेरा दिला तर धडाला तडा जातो. जाड ओ-रिंग घातली तर कमरेवर ताण येऊन तीही फुटते. हातातली बंदूक ओढू नका, अंगठा तुटेल. हात आधी कोमट पाण्यात धरा. आणि उघडण्यापूर्वी चारही बाजूंनी फोटो काढा, उघडल्यावर आतल्या बाजूचेही. पुढे ती फिगर विकलीत, तर हे फोटो तिच्याबरोबरच द्या.