पबमध्ये परदेशी कार्डावर फुटबॉल दाखवताय? या चुका टाळा

इंग्लंडात पब आणि रेस्टॉरंट चालवणाऱ्या आपल्या लोकांचे हिशेब मी बघतो. ऑगस्टमध्ये प्रीमियर लीगचा हंगाम सुरू झाला की कुणाचा ना कुणाचा फोन येतोच. "अहो, एक जण युरोपचं कार्ड देतोय. स्कायच्या पाव पैशांत. घेऊ का?" कार्ड म्हणजे डिशच्या बॉक्समध्ये घातलं की वाहिनी दिसते ते, आणि स्काय म्हणजे इथं मॅच दाखवणारी टीव्ही कंपनी. मी नको म्हणतो. पुढचा प्रश्न काय असणार, तेही मला ठाऊक असतं. "पण ती पोर्ट्समथची बाई कोर्टात जिंकली ना?"

जिंकली. पण कशात जिंकली, ते कुणी विचारत नाही. आजवर पाहिलेल्या बहुतेक चुकांचं मूळ तिथंच आहे.

मथळा वाचला म्हणजे निकाल कळला, असं समजणं

ती बाई म्हणजे कॅरन मर्फी. पोर्ट्समथला साउथसी भागात 'रेड, व्हाइट अँड ब्लू' नावाचा पब चालवायची. स्कायचं पबसाठीचं कनेक्शन महाग पडायचं, म्हणून तिनं ग्रीसच्या नोव्हा या टीव्ही कंपनीचं कार्ड आणि बॉक्स आणून त्यावर मॅच लावल्या. कार्ड चोरीचं नव्हतं, नकलीही नव्हतं. पैसे रीतसर नोव्हाला पोचत होते. ते ग्रीसबाहेर वापरायचं नाही, ही अट मोडली होती. २००७ मध्ये मॅजिस्ट्रेट कोर्टानं तिला दोषी ठरवलं. दंड आणि खर्च मिळून सुमारे ८,००० पौंड झाले. बाई खमकी, तिनं अपील केलं. हायकोर्टानं कायद्याचे मुद्दे लक्झेंबर्गला युरोपियन युनियनच्या न्यायालयाकडे पाठवले. प्रीमियर लीगनं क्यूसी लेझर वगैरे कार्डविक्रेत्यांवर आणि काही पबवाल्यांवर लावलेला दिवाणी दावाही तिथं त्याच्या जोडीला आला. निकाल ४ ऑक्टोबर २०११ ला लागला आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये हायकोर्टानं मर्फीची शिक्षा रद्द केली.

इथपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. आता पुढचं.

मर्फीवरचा खटला फौजदारी होता. १९८८ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम २९७ प्रमाणे, म्हणजे पैसे चुकवण्यासाठी अप्रामाणिकपणे प्रक्षेपण पाहिल्याचा. युरोपियन न्यायालयानं म्हटलं की एका सदस्य देशात रीतसर विकलेलं कार्ड दुसऱ्या सदस्य देशात वापरायला बंदी घालणं हे सेवांच्या मुक्त व्यापाराच्या आड येतं. कार्ड घेताना खोटं नाव-पत्ता दिला असला तरी तेवढ्यानं ते बेकायदा उपकरण ठरत नाही. आणि देशाबाहेर कार्ड विकायचंच नाही, असं वाहिनीला बांधून घालणारा करार स्पर्धेच्या कायद्यात बसत नाही. प्रीमियर लीगला हा दणकाच होता, यात वाद नाही.

पण त्याच निकालात आणखी दोन गोष्टी आहेत. पहिली अशी की मॅच ही कुणाची 'कलाकृती' नाही. खेळ नियमांनी बांधलेला, त्यात लेखक-चित्रकारासारखं सर्जनाला स्वातंत्र्य नाही, म्हणून मॅचवर कॉपीराइट नाही. हे वाक्य पबवाल्यांना फार आवडतं. दुसरी गोष्ट त्याला लागूनच आहे. सुरुवातीची चित्रफीत, प्रीमियर लीगचं गीत, आधी तयार केलेले क्षणचित्रांचे तुकडे आणि पडद्यावरची ग्राफिक्स यांवर कॉपीराइट आहे. आणि पबमध्ये टीव्ही-स्पीकरवरून ते गिऱ्हाइकांना दाखवणं म्हणजे जनतेपर्यंत पोचवणं, त्याला परवानगी लागते.

म्हणजे कार्ड वैध असलं तरी पबमध्ये ते लावणं वैध असेलच असं नाही. मॅच लावली की ग्राफिक्सही लागणारच. माझ्या ओळखीच्या एका महाशयांनी यावर उपाय शोधला होता. गीत लागलं की आवाज बंद करायचा आणि टीव्हीच्या ज्या कोपऱ्यात लोगो येतो तिथं काळी चिकटपट्टी मारायची. रिप्लेच्या आधी लोगो अख्ख्या पडद्यावर फिरतो, तेव्हा काय करणार, असं विचारल्यावर गप्प बसले. असल्या युक्त्यांत घालवलेला वेळ पबच्या स्वयंपाकघरात घालवला असता तर धंदा वाढला असता, हे माझं मत मी त्यांना ऐकवलंही.

वकिलाकडे जाण्याआधी मी दोनच गोष्टी विचारतो. कार्ड कुणी, कशासाठी विकलं? आणि पबमध्ये दाखवायची परवानगी कुणी दिली? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कागदावर नसेल तर पहिल्याचं मी ऐकतही नाही.

"आम्ही तिकीट कुठं लावतो?"

हा आधीच्या गैरसमजाचाच धाकटा भाऊ. १९८८ च्या कायद्यात कलम ७२ आहे. प्रवेशाला पैसे न घेता प्रक्षेपण दाखवलं तर काही बाबतींत कॉपीराइटचा भंग होत नाही, असं ते म्हणतं. २०१२ मध्ये क्यूसी लेझरचा दावा लंडनला परत आला तेव्हा याच कलमाच्या आधारानं पबवाल्यांचा थोडाफार बचाव झाला होता, तरी ग्राफिक्सचं लफडं उरलंच. पुढे जून २०१६ मध्ये सरकारनं त्या कलमातून 'फिल्म' हा भाग, म्हणजे पडद्यावरच्या हलत्या चित्रांची सवलत, काढून टाकला. जुनी माहिती घेऊन फिरणारे विक्रेते अजून ते कलम दाखवतात. त्यांना तारीख विचारा.

घरचं कार्ड पबमध्ये लावणं

ही माझ्या डोक्यात जाणारी चूक, कारण यात कायद्याचा किचकटपणा काहीच नाही. घरगुती कनेक्शन घरासाठी असतं. ते कनेक्शन ब्रिटनचं असो, डेन्मार्कचं असो नाहीतर आपल्या पुण्या-मुंबईचं डीटीएच असो.

मिडलंड्समधले आमचे एक काका आहेत, मूळचे साताऱ्याकडचे. जहाजावर कुक होते, मग इथं पब घेतला. माणूस सरळ आणि कष्टाळू, पण स्वस्त म्हटलं की पाघळतात. ब्रेक्झिटच्या आधीची गोष्ट. एक जण व्हॅन घेऊन आला, मागच्या भिंतीवर डिश ठोकली, डेन्मार्कचं कार्ड घातलेला बॉक्स बारमागे ठेवला आणि पैसे रोख घेऊन गेला. बिल नाही. त्याऐवजी 'व्यावसायिक वापरास योग्य' असं छापलेला एक कागद दिला. त्यावर कंपनीचं नाव, खाली मोबाइल नंबर, पत्ता नाही. काकांनी तो कागद लॅमिनेट करून घेतला होता! मी हिशेबात तो खर्च कुठं टाकू, असं विचारलं तेव्हा मला हे सगळं कळलं. काढून टाका म्हटलं. "हंगाम संपू दे, मग बघू," म्हणाले.

काकूंनी पबच्या फेसबुक पानावर शनिवारी दुपारी ३ च्या मॅचची जाहिरात टाकली. त्या वेळची मॅच इथं कुठल्याही वाहिनीवर दिसत नाही, म्हणजे ती जाहिरात नव्हती, कबुलीजबाब होता.

पुढे कधीतरी एक माणूस आला. अर्धा पाइंट सायडर आणि चिप्सचं पाकीट घेतलं, टीव्हीसमोर बसला, मोबाइलशी चाळा करत राहिला आणि गेला. त्याची कुणाला आठवणही नव्हती. मग वकिलांचं पत्र आलं. त्याला जोडलेलं निवेदन मी वाचलंय. पबमध्ये किती पडदे, कुठल्या भिंतीवर, किती गिऱ्हाइकं, स्कोअर किती होता तेव्हाचा फोटो, कोपऱ्यात कुठल्या वाहिनीचा लोगो, समालोचन कुठल्या भाषेत, मध्यंतराला कुठल्या जाहिराती. आणि एक ओळ अशी की पडद्यावर पाइंट ग्लासचं चिन्ह नव्हतं. स्कायच्या पबसाठीच्या कनेक्शनवर कोपऱ्यात बिअरच्या ग्लासाचं छोटं चिन्ह येतं, घरगुतीवर येत नाही. तपासणी करणारा आल्याआल्या तेच बघतो. काकांना इतकी वर्षं पब चालवून हे माहीत नव्हतं.

काका लॅमिनेट केलेला कागद घेऊन माझ्याकडे आले. कागदावरचा नंबर बंद. मग मर्फीचं पालुपद सुरू झालं. मी त्यांना वकिलाकडे नेलं. वकिलानं स्वान्सीच्या एका पबचा निकाल पुढ्यात ठेवला. तिथल्या मालकानंही डेन्मार्कचं घरगुती कार्ड लावलं होतं. त्याचं म्हणणं असं की प्रीमियर लीगच्या बेकायदा अटींमुळेच मला परदेशातून व्यावसायिक कार्ड मिळत नाही, मग मला मनाई कशी करता? युक्तिवाद वाईट नव्हता. पण २०१६ मध्ये अपील कोर्टानं तो फेटाळला. त्याच्याकडे घरगुती कार्ड पबमध्ये वापरायची परवानगी नव्हती आणि कॉपीराइटचा दावा तेवढ्यावरच उभा होता.

काकांनी कोर्टाबाहेर मिटवलं. नुकसानभरपाई, समोरच्या वकिलांचा खर्च आणि पुन्हा असं करणार नाही अशी लेखी हमी. आकडा सांगत नाही, पण तेवढ्यात पबचं रीतसर कनेक्शन पुढचे दोन हंगाम चाललं असतं. डिश अजून मागच्या भिंतीवर आहे. तिच्यावर कबुतरं बसतात.

विक्रेत्याचा कागद कोर्टात तुम्हाला वाचवत नाही. मॅच तुम्ही लावली, पत्र तुमच्या नावानं येतं. रोख मागणाऱ्याकडून मी तर एक्स्टेंशन बोर्डही घेणार नाही.

ब्रेक्झिट झालंय हे विसरणं

मर्फीचा विजय मुख्यतः युरोपियन युनियनमधल्या सेवांच्या मुक्त व्यापारावर उभा होता. २०२० संपताना ब्रिटन त्या एकसामायिक बाजारातून बाहेर पडलं. २०११ च्या निकालाचं कात्रण आता फ्रेम करायच्या कामाचं.

पत्र ड्रॉवरमध्ये टाकणं

ही चूक अडाण्यांपेक्षा शिकलेलेच जास्त करतात. "धमकी आहे, घाबरवतायत." असेलही. पण उत्तराची मुदत उलटली की खर्च वाढतो आणि समोरच्याला थेट कोर्टात जायला कारण मिळतं. पत्र आलं त्या दिवशी मी तीन गोष्टी करायला सांगतो. पाकिटावर तारीख लिहा, बॉक्स बंद करा, वकिलाला फोन करा. बॉक्स फेकू नका, फेसबुकची पोस्टही उडवू नका. तिचा फोटो समोरच्याकडे आहेच, आणि पुरावा नष्ट केल्याचं नवं झंझट मागे लागतं.

दंड भरला की सुटलो, असं मानणं

याबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. दारू विकायला जो वैयक्तिक परवाना लागतो तो २००३ च्या लायसन्सिंग कायद्याखाली येतो. कुठल्या गुन्ह्यांचा त्या परवान्यावर परिणाम होतो याची यादी त्या कायद्याला जोडली आहे. त्यात दारू पिऊन गाडी चालवणं आहे, चोरी आहे आणि कॉपीराइट कायद्याचं कलम २९७ सुद्धा आहे. म्हणजे फौजदारी खटला झालाच तर आपल्याकडे असा परवाना आहे हे कोर्टाला स्वतःहून सांगावं लागतं, आणि दोषी ठरलात तर कोर्ट परवाना निलंबित करू शकतं, काढूनही घेऊ शकतं. ज्या कागदावर पब चालतो तोच पणाला लावायचा, तोही शनिवारच्या एका मॅचसाठी! नवा पब घेणाऱ्या पोरांना मी हे पहिल्याच भेटीत सांगतो. ऐकतात, मान डोलावतात आणि बाहेर पडल्यावर आयपीटीव्हीवाल्याचा, म्हणजे इंटरनेटवरून चोरून वाहिन्या दाखवणाऱ्याचा, नंबर शोधतात.

त्या आयपीटीव्हीबद्दल एका ओळीत: मर्फीनं निदान नोव्हाला पैसे भरले होते, इथं तर उघड चोरीचा माल आहे. २०१७ पासून प्रीमियर लीगला अशा स्ट्रीम मॅच चालू असतानाच बंद पाडायचे हायकोर्टाचे आदेश मिळतायत, त्यामुळे ऐन पेनल्टीला पडदा काळा होतो तो वेगळाच.

टीव्ही लायसन्स आहे म्हणजे सगळं आहे, हाही गैरसमज. ते वेगळं, संगीताचं लायसन्स वेगळं, वाहिनीचं कनेक्शन वेगळं.

"३ ची मॅच दाखवायला किती भरावे लागतील?"

कितीही भरा, मिळत नाही. शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच थेट प्रक्षेपण बंद ठेवायची पद्धत १९६० च्या दशकातली. बर्नली क्लबचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांनी तिचा आग्रह धरला होता, लोक घरी बसून मॅच बघतील आणि लहान क्लबांची मैदानं ओस पडतील म्हणून. परदेशी कार्डाचं खरं आकर्षण हीच वेळ. म्हणूनच तपासणीवाले शनिवारी ३ लाच फिरतात. साडेबाराची आणि साडेपाचची मॅच रीतसर दाखवता येते. मधल्या वेळात जेवणाची ऑफर लावा. काका आता मटण-भाकरी ठेवतात, आणि ती मॅचपेक्षा बरी खपते.

महाग आहे म्हणून चौकशीच न करणं

स्काय महाग आहे, नाकारत नाही. लहान पबला तर फारच. पण बरेच जण शेजाऱ्याचा आकडा ऐकूनच कार्डवाल्याकडे वळतात. पबचा दर मुख्यतः जागेच्या रेटेबल व्हॅल्यूवर, म्हणजे कर लावण्यासाठी सरकारनं ठरवलेल्या जागेच्या मूल्यावर, ठरतो, त्यामुळे शेजाऱ्याचा आकडा तुम्हाला लागू नाही. तुमची व्हॅल्यू सरकारच्या gov.uk साइटवर दिसते. बंद पडलेली वरची खोली किंवा पाडलेलं कोठार अजून त्यात धरलेलं असेल तर ती चुकीची आहे, आणि तक्रार करून कमी करून घेता येते. त्यानं बिझनेस रेट्सही, म्हणजे धंद्याच्या जागेवरचा करही, उतरतात. विक्री विभागाला फोन करण्याआधी हा आकडा, बसायच्या जागा आणि किती पडदे लावणार ते कागदावर लिहून ठेवा, आणि उन्हाळ्यात, हंगाम सुरू व्हायच्या आधी फोन करा. तेव्हा ते घासाघीस ऐकून घेतात.