सीपॅपचा मुखवटा वर्षानुवर्षे टिकवताना

झोपेत श्वास अडखळला की रक्तातील प्राणवायू घटतो, शरीर दचकून जागे होते आणि रक्तदाब उसळतो. हे रात्रभर घडत राहिल्याने गोळ्या घेऊनही अनेकांचा रक्तदाब आटोक्यात येत नाही. सीपॅपने, म्हणजे मुखवट्यातून दाबाने हवा देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणाऱ्या यंत्राने, तो सरासरी २ ते ३ अंकांनीच उतरतो, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नये. मात्र हा लाभही रोज किमान ४ तास, शक्यतो संपूर्ण झोपभर, यंत्र लावणाऱ्यांनाच मिळतो.

उपचार सुटतो तो बहुधा मुखवट्यामुळे. पट्टे बसून नव्हे, तर झोपण्याच्या स्थितीत, यंत्र चालू ठेवून जुळवावेत; हवा गळते म्हणून ते करकचून आवळल्यास नाकावर व्रण पडतो आणि गळती बऱ्याचदा वाढतेच. दाढीमुळे कड नीट बसत नसेल, तर नाकपुड्यांशी टेकणारा प्रकार मागावा. गुदमरल्यासारखे वाटत असल्यास संध्याकाळी बातम्या पाहताना तो लावून बसण्याचा सराव करावा आणि दाब हळूहळू वाढवणारी रॅम्प सोय वापरावी.

ठाणे-नवी मुंबईच्या पावसाळी दमटपणात नळीत पाणी साचते. अशा वेळी यंत्राने हवेत मिसळायची आर्द्रता कमी करावी आणि यंत्र उशीच्या पातळीखाली ठेवावे. ही आर्द्रता देणाऱ्या टाकीत डिस्टिल्ड पाणीच घालावे व ते रोज बदलावे. घोडबंदर रस्त्यालगत राहणाऱ्यांनी, तिथली धूळ पाहता, फिल्टर वरचेवर तपासावा. गावी जातानाही यंत्र सोबत न्यावे, कारण उपचार थांबताच त्रास काही दिवसांतच परततो.