संख्याशास्त्राचं उदाहरण सोडवताना मूल काय विचार करतं, हे कसं ओळखावं

मध्य (म्हणजे सरासरी), मध्यक (क्रमाने लावल्यावर मधली संख्या), बहुलक (सर्वांत जास्त वेळा येणारी संख्या) यांची सूत्रं हायस्कूलच्या मुलांना पाठ असतात. त्यामुळे नुसती उत्तरपत्रिका तपासून विषय कळलाय की नाही, ते समजत नाही. मुलाला समोर बसवा आणि एकच उदाहरण द्या.

उदाहरण असं हवं, की चुकीच्या विचाराने उत्तरही चुकेल. एका वर्गात २० मुलं, सरासरी ६० गुण. दुसऱ्यात ३० मुलं, सरासरी ७०. सगळ्यांची मिळून सरासरी किती? दोन्हीकडे सारखीच मुलं ठेवलीत, तर कसाही विचार केला तरी ६५ येणार.

कागद द्या, मोठ्याने बोलत सोडवायला सांगा.

खरी अवघड पायरी आता येते. मूल म्हणतं, "साठ अधिक सत्तर, भागिले दोन, पासष्ट." आपली जीभ शिवशिवते. गप्प बसा! नुसतं "का?" सुद्धा विचारू नका. बहुतेक मुलं त्याचा अर्थ "चुकलं" असाच घेतात, आकडा खोडतात आणि तुमचा चेहरा वाचत नवा अंदाज ठोकतात.

सूचक प्रश्न विचारा, असा सल्ला हमखास मिळतो. तो बिलकुल ऐकू नका. अशा प्रश्नात निम्मं उत्तर तुम्हीच देऊन टाकता. उत्तर बरोबर असो वा चूक, एकाच सुरात म्हणा, "कसं काढलंस, सांग." मग फक्त आकडा बदला: "दुसऱ्या वर्गात तीनच मुलं असती तर?" कुणी पुन्हा ६५ म्हणतं. त्याच्या लेखी सरासरी म्हणजे निव्वळ बेरीज-भागाकार. कुणी थबकून म्हणतं, "तिघं एवढी वर कशी खेचतील?" त्याला मर्म कळलंय, मूळ उदाहरणाच्या बरोबर उत्तरापर्यंत, म्हणजे ६६ पर्यंत, ते स्वतःच पोचेल.

संभाव्यतेसाठी ट्वर्स्की आणि कानेमन या मानसशास्त्रज्ञांचा १९७२ सालचा प्रश्न वापरा. मोठ्या रुग्णालयात रोज साधारण ४५ बाळं जन्मतात, छोट्यात १५. वर्षभरात ६० टक्क्यांहून जास्त मुलगे जन्मले असे दिवस कुठे अधिक? उत्तर छोटं रुग्णालय, कारण लहान नमुन्यात, म्हणजे मोजलेली संख्या कमी असताना, चढउतार जास्त. त्यांनी विचारलेल्या कॉलेजच्या निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांनी "दोन्हीकडे सारखेच" म्हटलं होतं.

इथेही कारण ऐकाच. "टक्के तेच, मग फरक कसला?" म्हणणाऱ्याला नाणं आधी १० वेळा, मग १०० वेळा उडवायला लावा. "काय होईल ते कुणी सांगावं?" म्हणणारा मात्र एकाच दिवसाचा विचार करतोय, त्याला आधी वर्षभराचे दिवस मोजायचे आहेत हे दाखवा, नाणं नंतर.