५ + □ = ८ : रिकामी चौकट लहान मुलांना कशी शिकवायची

माझी पुतणी पहिलीत आहे. सुट्टीत गावी आली होती आमच्याकडे यावल तालुक्यात, दुपारी लाईट गेली की सगळे ओट्यावर, आणि तिथंही वहिनीने तिच्यामागे वर्कबुक लावलेलं. ५ + □ = ८. पोरीने चौकटीत टाकले १३. वहिनी चिडली, पोरगी रडकुंडीला आली. पण तिच्या हिशोबाने तिचं काय चुकलं सांगा? वर्षभर शिकवलंय की अधिकचं चिन्ह दिसलं की मिळवायचं, ५ दिसले ८ दिसले, मिळवले, १३. बेरीज बरोबरच आहे की. प्रश्न काय विचारलाय ते मात्र तिला कळलेलं नव्हतं, आणि बहुतेक मुलांचं इथंच अडतं.

म्हणून पहिली गोष्ट, वही बाजूला ठेवा. आणि "मोठ्यातून छोटा वजा कर" हा शॉर्टकट अजिबात सांगू नका. उत्तर येईल हो, पण "अधिकच्या गणितात वजा का करायचं" हे त्याला कळणार नाही आणि उद्या □ − ३ = ५ आलं की तिथंही वजाच करून ठेवेल.

चिंचोके घ्या आणि एक वाटी. घरात चिंच फोडलेली असतेच. सुरुवात ५ पासून, जास्त नको. पाच चिंचोके मुलाला मोजायला लावा, मग डोळे मिटायला सांगा आणि दोन वाटीखाली लपवा. बाहेर तीन दिसतात, वाटीखाली किती? आधी अंदाज सांगू द्या, मग वाटी त्यालाच उचलू द्या, मजा त्यातच आहे. मग उलटं करा, त्याने लपवायचे आणि तुम्ही ओळखायचे, मधून मधून मुद्दाम चुका. दोन-तीन दिवस एवढंच खेळा, ५ वरून ७, मग १०. ही वाटी म्हणजेच पुढची चौकट, पण हे आत्ता बोलायचं नाही.

मग चौकट वाचायला शिकवा. आमच्या आईने हे सहज केलं, ती पोरीशी अहिराणीतच बोलते. पाच चिंचोके मांडले, आठ पाहिजेत म्हणाली आणि विचारलं, "आखो कितला जोयजेत?" अजून किती पाहिजेत, बस. पोरीने तीन उचलून ठेवले, एका सेकंदात. तेव्हापासून आम्ही चौकटीला "अजून किती" असंच वाचतो. "पाच अधिक चौकट बरोबर आठ" म्हटलं की मुलाच्या डोक्यात काहीच उभं राहत नाही, "पाच आहेत, अजून किती आले की आठ होतील" म्हटलं की चित्र दिसतं. वाटी पाटीवर उपडी ठेवून तिच्याभोवती खडूने चौकोन काढा, मग वाटी उचला, झाली चौकट तयार.

आता बोटं. इथं एक चूक जवळजवळ प्रत्येक मूल करतं, तिच्यावर लक्ष ठेवा. ५ पासून ८ पर्यंत मोज म्हटलं की ते "पाच, सहा, सात, आठ" म्हणत चार बोटं उघडतं आणि उत्तर लिहितं ४. पाच तर आधीच होते, ते परत मोजले गेले. त्यासाठी पाच म्हणताना हात डोक्यावर ठेवायला लावा, पाच डोक्यात गेले, मग पहिलं बोट उघडताना सहा म्हणायचं. सहा, सात, आठ, बोटं तीन. तरी गडबड झाली तर ओट्यावर खडूने ० ते २० आकडे ओळीने लिहा आणि त्याला ५ वर उभं करा. ८ पर्यंत उड्या किती? उभं राहणं ही उडी नाही, हे पायाला लवकर कळतं.

रोज थोडा वेळ दहाच्या जोड्यांना द्या. ९ ला १, ८ ला २, ७ ला ३, ६ ला ४, ५ ला ५. दोन्ही हातांची बोटं दहाच असतात, चार मिटली की सहा दिसतात, वेगळं साहित्य लागत नाही. ह्या तोंडपाठ झाल्या की ८ + □ = १३ सोपं पडतं, आठला दोन देऊन दहा करायचे, वरचे तीन, मिळून पाच.

चौकट पुढे आली की पुन्हा गोंधळ होतो. □ + ३ = ९ मध्ये सुरुवातच हरवलेली असते, मोजायचं कुठून? तिथं आम्हाला रेल्वेने वाचवलं. भुसावळहून गाडी निघाली, डब्यात माणसं किती ते आपण पाहिलं नाही. जळगावला कोणी उतरलं नाही, ३ चढले. आता डब्यात ९ आहेत, तर भुसावळहून किती आले होते? पोरीने ९ चिंचोके मांडले, जळगावचे तीन बाजूला काढले आणि म्हणाली सहा. वजाबाकी तिची तिनेच केली, नाव न घेता. असं झालं की मग सांगा, ९ − ३ = ६ म्हणजे हेच. उत्तर आलं की ते चौकटीत लिहून पूर्ण गणित मोठ्याने वाचायला लावा, "सहा आणि तीन नऊ", चूक असेल तर त्याची त्यालाच ऐकू येते.

शेवटी बरोबरचं चिन्ह. मुलांना वाटतं = म्हणजे "आता उत्तर लिही". म्हणून ८ = ५ + □ असं लिहिलं की ती म्हणतात गणितच उलटं छापलंय. हे चिन्ह १५५७ साली रॉबर्ट रेकॉर्ड नावाच्या वेल्सच्या गणितज्ञाच्या पुस्तकात आलं, सारख्या लांबीच्या दोन समांतर रेघा, कारण यापेक्षा सारख्या दोन गोष्टी सापडायच्या नाहीत असं त्याचं म्हणणं. तर "सारखं" हे दाखवायला तराजू करा, काठीच्या मधोमध दोरी, दोन टोकांना दोन सारख्या वाट्या. मी आधी चिंचोके टाकले आणि फजिती झाली, इकडे पाच तिकडे पाच तरी एक बाजू खाली, कारण चिंचोके लहानमोठे असतात. मग रुपयाची नाणी घेतली, तीही एकाच प्रकारची बघून घ्या, जुनी नवी मिसळली तर वजनात फरक पडतो. एका वाटीत ८, दुसरीत ५, काठी सरळ व्हायला अजून किती? पोरगी एक-एक टाकत गेली आणि तिसऱ्याला काठी आडवी झाली तेव्हा टाळ्या.

एका वेळी दहा-पंधरा मिनिटं पुरे, जांभई आली की बंद. आणि नाणी मोजून परत घ्या. मी १६ दिली होती, संध्याकाळी हातात १४ आली. "आता तूच सांग, चौकटीत किती?" विचारलं तर म्हणे दोन, आणि जीभ बाहेर काढून दाखवली, गोळेवाल्याच्या रंगाने लालभडक झालेली.