आजाऱ्याच्या घरी प्रार्थनेला जाताना: विश्वास आणि चमत्कार

आमच्या धानपट्ट्यात ख्रिस्ती मंडळ्या लहान आणि गावे दूरदूर असल्यामुळे पाळक प्रत्येक वेळी पोहोचू शकत नाहीत, आणि आजाऱ्याच्या घरी जाऊन प्रार्थना करण्याचे काम पुष्कळदा आपल्यासारख्या साध्या विश्वासणाऱ्यांवर येते. ते कसे करावे हे मी स्वतः केलेल्या एका चुकीतून शिकलो, म्हणून सुरुवात तिच्यापासूनच करतो.

रोवणीच्या दिवसांत आम्ही एका घरी गेलो होतो. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या दुखण्याने एक मुलगी छपरीतल्या खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन पडली होती आणि आई तिच्या पोटऱ्या चोळत होती. आम्ही प्रार्थना केली, चौथ्या दिवशी मुलगी उठून फिरू लागली, आणि रविवारी उपासनेत आम्ही तिच्या आरोग्याची साक्ष दिली, म्हणजे देवाने तिला बरे केले असे सर्वांपुढे सांगितले. दिवाळीनंतर दुखणे परत आले तेव्हा मी त्या आईला म्हणालो, “ताई, विश्वास कुठेतरी कमी पडला असेल.” ती काहीच बोलली नाही, मुलीच्या अंगावरची गोधडी नीट करत राहिली. सिकलसेलची कळ काही दिवसांत ओसरते आणि पाणी कमी प्यायले, थंडी लागली किंवा अतिश्रम झाले की पुन्हा उठते, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते. त्याहून मोठा अपराध असा की विश्वास ही चमत्काराची किंमत आहे आणि ती तू पुरती भरली नाहीस, असा हिशेब मी एका थकलेल्या आईपुढे मांडला.

म्हणून घरून निघण्यापूर्वीच शुभवर्तमानांतील, म्हणजे येशूचे चरित्र सांगणाऱ्या बायबलमधील चार पुस्तकांतील, आरोग्यदानाचे प्रसंग सावकाश वाचावेत आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारावा: येथे विश्वास कोणाचा होता? 12 वर्षे रक्तस्रावाने पीडलेल्या स्त्रीचा विश्वास तिचा स्वतःचा होता. कफर्णहूमात छप्पर उसकटून खाली सोडलेल्या पक्षाघाती माणसाच्या बाबतीत येशूने त्याला उचलून आणणाऱ्यांचा विश्वास पाहिला, असे लिहिले आहे. याईराच्या मुलीसाठी बाप आला होता. नाईन गावच्या विधवेला तर कोणी विश्वासाविषयी विचारलेच नाही. प्रभूला तिचा कळवळा आला, एवढेच कारण लूक आपल्या शुभवर्तमानात देतो. 38 वर्षे आजारी असलेला, तळ्याकाठचा तो माणूस बरा झाला तेव्हा आपल्याला कोणी बरे केले हेही त्याला माहीत नव्हते. एवढे वाचून झाल्यावर अमुक इतका विश्वास दिला की अमुक चमत्कार मिळतो, असा दर ठरवणे कठीण जाते.

यानंतर मत्तयाच्या शुभवर्तमानाचा 17वा आणि मार्काच्या शुभवर्तमानाचा 9वा अध्याय शेजारी ठेवून वाचावा, कारण माझ्या मते या विषयाचे मर्म तेथे आहे. फेफऱ्याने पडणाऱ्या मुलाला शिष्य बरे करू शकले नाहीत. मुलाचा बाप मोकळेपणाने म्हणतो की माझा विश्वास आहे, पण माझ्या अविश्वासात मला साहाय्य करा. आणि अशा अर्धवट विश्वासाच्या बापाचे मूल बरे होते. मागाहून शिष्य कारण विचारतात तेव्हा अल्पविश्वासाचा ठपका येतो तो त्यांच्यावर, म्हणजे प्रार्थना करायला गेलेल्यांवर. मोहरीच्या दाण्याएवढ्या विश्वासाची गोष्टही त्याच उत्तरात आहे. येशूच्या गावाचे, नासरेथचे, उदाहरण मात्र जपून द्यावे: तेथे अविश्वासामुळे फार अद्भुते झाली नाहीत हे खरे, पण तो अविश्वास येशूलाच नाकारणाऱ्या गावकऱ्यांचा होता, आणि तेथेही थोड्या रोग्यांवर हात ठेवून त्याने त्यांना बरे केलेच. दाराशी आलेल्या आजाऱ्याला तुझा विश्वास कमी आहे म्हणून त्याने परत पाठवल्याचा एकही प्रसंग चारही शुभवर्तमानांत नाही.

घरी पोहोचल्यावर आधी बसावे, पाणी घ्यावे, दुखणे कधीपासून आहे आणि दवाखान्याचे कागद काय सांगतात ते ऐकून घ्यावे. मग आवाज न चढवता, आरोग्य स्पष्ट शब्दांत मागावे. संकोचून अर्धे मागणे हा काही नम्रपणा नव्हे. मात्र देवाला हुकूम सोडू नये आणि तारीख देऊ नये. अग्निकुंडापुढे उभे असलेले दानीएलाच्या ग्रंथातील तिघे म्हणाले की आमचा देव सोडवील, आणि नाही सोडवले तरी आम्ही मूर्तीपुढे वाकणार नाही. विश्वासाचे बळ मला या दुसऱ्या वाक्यात दिसते. ज्या प्रेषित पौलाच्या हातून इतर बरे झाले, त्याने आपल्या ‘शरीरातील काट्यासाठी’, म्हणजे स्वतःच्या एका पीडेसाठी, तीनदा विनंती केली आणि त्याला कृपा मिळाली, सुटका मिळाली नाही. त्याने आपला सोबती त्रफिम याला मिलेत गावी आजारीच ठेवले होते आणि तरुण सहकारी तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले होते.

औषध बंद करण्याचा सल्ला कधीही देऊ नये, मग ती टीबीची गोळी असो की सिकलसेलची. नागपूरचे म्युर मेमोरियल, यवतमाळ जिल्ह्यातील उमरीचे मिशन हॉस्पिटल, परतवाड्याजवळचे कोठाऱ्याचे कुष्ठरुग्णालय ही प्रार्थना करणाऱ्यांनीच उभी केली. साप चावला असेल तर रुग्णालयाच्या वाटेवर गाडीत बसून प्रार्थना करावी. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला उपचारापासून रोखणे हा महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हाही आहे.

कोणाला आराम पडला तर आनंद करावा, उपकारस्तुती त्याच दिवशी करावी, पण साक्ष सांगण्याची घाई करू नये. येशूने कुष्ठरोग्याला बरे केल्यावर आधी याजकाला, म्हणजे रोग गेल्याची खात्री करणाऱ्या मंदिराच्या पुजाऱ्याला, दाखव असे सांगितले, म्हणजे तपासणीची पायरी त्यानेच घातली आहे. फ्रान्समधील लूर्द या तीर्थस्थळी 1858 पासून असंख्य आजारी गेले, तरी 2018 पर्यंत कॅथलिक चर्चने तेथील 70 आरोग्यलाभच चमत्कार म्हणून मान्य केले होते. आपणही निदान रक्ताच्या अहवालाची आणि दोन-चार महिन्यांची वाट पाहावी.

आणि आराम पडला नाही तर जाणे थांबवू नये. नेमके याच वेळी लोक येईनासे होतात आणि घरच्यांना ते देवानेच सोडल्यासारखे वाटते. त्या आईकडे मी पुढच्या पावसाळ्याआधी गेलो, क्षमा मागितली, आणि निघताना मुलीच्या तपासणीचा दिवस विचारून घेतला. तेव्हापासून आमच्या प्रार्थनेच्या वहीत आजाऱ्याच्या नावापुढे दवाखान्याची पुढची तारीख आणि सोबत कोण जाणार त्याचे नाव लिहिले जाते. त्या मुलीच्या नावापुढे या महिन्यात माझे नाव आहे.